जखमेचा पुरावा

पुण्यात 'ससून' हे कोणा माणसाचे नाव आहे, याची आठवण सहसा कुणाला होत नाही. 'ससूनला हलवले' एवढे शब्द कानी पडले की ऐकणारा गंभीर होतो. मुंबईकराच्या मनात त्याच नावाबरोबर मासळीचा वास येतो. बगदादहून येऊन मुंबईत कापूस आणि अफूच्या व्यापारावर गबर झालेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याचे हे रुग्णालय १८६७ साली उभे राहिले, हे क्वचित कुणी सांगते. आणि पहिल्या महायुद्धाचा कवी म्हणून इंग्रजीच्या वर्गात शिकवला जाणारा सिगफ्रीड ससून हा त्याच डेव्हिड ससून यांचा पणतू, हे तर बहुधा वर्गातही सांगितले जात नाही.

१९१७ च्या जुलैमध्ये हा पणतू स्वतः रुग्णालयात दाखल झाला. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथे. एप्रिलमध्ये खांद्याला झालेली जखम तोवर भरून आली होती. त्याचे दुखणे म्हणायचे तर एक निवेदन होते. युद्ध जाणूनबुजून लांबवले जात आहे आणि आपण यापुढे त्यात भाग घेणार नाही, असे त्याने लिहून दिले होते. शौर्यपदक मिळवलेल्या अधिकाऱ्यावर कोर्टमार्शल भरवणे सरकारला अडचणीचे होते. मित्र रॉबर्ट ग्रेव्ह्ज याने वैद्यकीय मंडळापुढे साक्ष देऊन ससूनचे मन ठिकाणावर नाही असे पटवले, आणि एका राजकीय मताचे रूपांतर रोगात झाले. ३० जुलै रोजी ते निवेदन पार्लमेंटात वाचले गेले तेव्हा ते लिहिणारा 'शेल शॉक'चा रुग्ण होता. रुग्णाच्या म्हणण्याला कोण उत्तर देत बसणार?

ज्याला विशेष काही झाले नव्हते तो असा रुग्ण ठरला, आणि ज्यांचे मन खरोखर मोडले होते अशा कित्येकांना त्याच महिन्यांत ढोंगी ठरवले जात होते. मानसिक आघाताचा इतिहास आपण बहुधा वैद्यकशास्त्राच्या प्रगतीची कथा म्हणून वाचतो: आधी अज्ञान, मग एक संज्ञा, मग उपचार. मला तो मुख्यतः पुराव्याच्या मागणीचा इतिहास वाटतो. शरीराची जखम दिसते. मनाची जखम सांगावी लागते. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ऐकणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागणार यावर ठरत आले आहे.

ही मागणी युद्धाच्या आधी रेल्वेने केली. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट येथे गाडी पुलावरून घसरली आणि दहा माणसे दगावली. चार्ल्स डिकन्स त्या गाडीत होता. त्याला इजा झाली नाही. तो जखमींना पाणी देत फिरला, लोंबकळत्या डब्यात परत चढून आपल्या कादंबरीचे हस्तलिखितही घेऊन आला. पण पुढे आगगाडीत बसला की त्याला कापरे भरे, ते अखेरपर्यंत. पुढच्याच वर्षी जॉन एरिकसेन या शल्यविशारदाने अशा प्रवाशांवर पुस्तक लिहिले आणि धक्क्याने पाठीच्या कण्याला न दिसणारी इजा होते असे मत मांडले. न्यायालयांत नुकसानभरपाईचे दावे चालू होतेच. १८८३ साली हर्बर्ट पेज याने एरिकसेनला खोडून काढले: कण्याला काही होत नाही, जे होते ते भीतीमुळे होते. निव्वळ भीती माणसाला आजारी पाडू शकते, हा आज आपल्याला मानवतावादी वाटणारा विचार मांडणारे पेजमहाशय लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे कंपनीचे डॉक्टर होते! कणा दुखावला तर कंपनी देणे लागत होती. मन दुखावले तर वाद घालायला जागा होती.

महायुद्धात हाच वाद हजारपटीने वाढला. केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स याने फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तीन शिपायांची हकीकत दिली. जवळ तोफगोळा फुटल्यावर त्यांची दृष्टी अधू झाली होती, स्मृती गेली होती, वास आणि चव कळेनाशी झाली होती. लेखात 'शेल शॉक' हा शब्द होता आणि तो वणव्यासारखा पसरला. सैन्याने लगेच त्याची विभागणी केली. शत्रूच्या गोळ्याशी थेट संबंध दाखवता आला तर नावापुढे 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. न दाखवता आला तर 'एस', म्हणजे आजारी. 'डब्ल्यू'वाल्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क. 'एस'वाल्याला दोन्ही नाही. चार दिवस खंदकात बसून, गोळा न लागता, शेजाऱ्याचे तुकडे गोळा करून ज्याची वाचा गेली तो 'एस'. शेवटी जून १९१७ मध्ये फ्रान्समधल्या सैन्यात हा शब्द कागदावर वापरण्यासच मनाई झाली. त्याजागी 'अद्याप निदान न झालेला, नर्व्हस' अशा अर्थाची चार अक्षरे आली. मायर्सला स्वतःला तो शब्द पुढे नकोसा झाला होता, हे येथे सांगायला हवे. पण त्याला तो अशास्त्रीय वाटत होता. सैन्याला तो महाग वाटत होता.

उपचारांतही हीच दरी दिसते. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातील लुईस येलंड याचे पुस्तक १९१८ साली आले. त्यातला पहिला रुग्ण चोवीस वर्षांचा शिपाई आहे. मॉन्सच्या माघारीपासून फ्रान्स-बेल्जममधल्या मोठमोठ्या लढायांतून तो गेलेला, आणि शेवटी सलोनिकाला त्याची वाचा गेलेली. येलंडने त्याला अंधाऱ्या खोलीत नेले, दार लावून घेतले, बोलल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही असे बजावले आणि घशाला विजेचे झटके दिले. चार तासांनी शिपाई बोलू लागला. येलंडने आपली कामगिरी फुगवून सांगितली असावी, रुग्णालयाच्या नोंदींतले चित्र इतके भडक नाही, असे अलीकडचे अभ्यासक म्हणतात. ते मान्य करूनही एक गोष्ट उरते: हे सर्व अभिमानाने छापण्याजोगे आहे असे त्याला वाटले.

क्रेगलॉकहार्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी होते. तेथे वीज नव्हती. गोल्फ होता, 'द हायड्रा' नावाचे मासिक होते (विल्फ्रेड ओवेन काही काळ त्याचा संपादक होता) आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते. आपल्याकडे रिव्हर्सना समाजशास्त्राचे विद्यार्थी ओळखतात. १९०१-०२ मध्ये ते निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहिले होते आणि १९०६ साली त्यांनी तोडांवर मोठा ग्रंथ लिहिला. तोडांची वंशावळ त्यांनी एकेक नाव विचारून, दुभाष्यामार्फत, एकाचे म्हणणे दुसऱ्याकडून पडताळत जमवली. कवींनी वर्णिलेला क्रेगलॉकहार्टचा प्रेमळ, अडखळत बोलणारा डॉक्टर मला त्या निलगिरीतल्या माणसापासून वेगळा काढता येत नाही. समोरच्याच्या जगात जे घडते ते त्याच्याच शब्दांत समजून घ्यायचे आणि आपले शब्द उशिरा वापरायचे, ही सवय त्यांनी मानववंशशास्त्रात कमावली असावी.

त्या काळचा रूढ सल्ला 'विसरून जा' असा होता. रिव्हर्सनी ४ डिसेंबर १९१७ रोजी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचलेल्या निबंधात नेमके याविरुद्ध मत मांडले: दाबून टाकलेला अनुभव रात्री परत येतो. त्यातली दोन उदाहरणे साहित्याच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावीत अशी आहेत. एका अधिकाऱ्याला स्फोटानंतर शोधताना आपल्या मित्राच्या देहाचे तुकडे सापडले होते. स्वप्नात तो मित्र छिन्नविच्छिन्न होऊन येई. रिव्हर्सनी त्याचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले. ज्याच्या देहाची अशी दशा झाली त्याला वेदना जाणवायला क्षणही मिळाला नसणार. अधिकाऱ्याला हे पटले, त्यावर तो विचार करू लागला, आणि काही दिवसांनी त्याला वेगळे स्वप्न पडले. त्यात तो मित्राजवळ बसून त्याच्या अंगावरचे सामान हळुवार उतरवत होता आणि रडत होता. दुसरा अधिकारी स्फोटाने फेकला जाऊन एका जर्मन सैनिकाच्या कुजलेल्या, फुगलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. शुद्धीवर येताना त्याच्या तोंडात काय होते, हे त्याला कळले होते. या अनुभवात रिव्हर्सना धरून ठेवण्याजोगी एकही बाजू सापडली नाही आणि त्यांनी तसे लिहिले. त्या माणसाने सैन्य सोडून खेड्यात राहायला जावे, एवढाच सल्ला उरला. बोलण्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे एकाच निबंधात इतक्या सरळपणे सांगणारे लेखन या विषयावर फार थोडे आहे.

पण रिव्हर्स कोणाचे डॉक्टर होते? ते गणवेशातले कॅप्टन होते. माणूस बरा झाला म्हणजे तो परत लढाईवर जाण्यास लायक झाला. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांच्या ससूनशी गप्पा होत, आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये ससून परत जाण्यास तयार झाला. मत बदलून नव्हे, आपली माणसे तिकडे मरत असताना येथे बसवेना म्हणून. या पेचाची रिव्हर्सना पूर्ण जाणीव होती. आपल्या रुग्णाचेच म्हणणे खरे असेल तर काय, या प्रश्नाने त्यांना स्वतःलाच एक स्वप्न पडले, आणि ते स्वप्न त्यांनी उलगडून लिहून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२३ साली निघालेल्या पुस्तकात ते आहे. ससून डोक्याला गोळी लागूनही वाचला. डॉ. आर्थर ब्रॉक यांनी कामात गुंतवून बरा केलेला ओवेन मात्र ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला. तार त्याच्या घरी पोहोचली तेव्हा युद्ध संपल्याच्या घंटा वाजत होत्या.

शिपाई हॅरी फार याला रिव्हर्स भेटले नाहीत. १९१५ साली तो शेल शॉकने पाच महिने रुग्णालयात होता. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने पुढे जाण्यास नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये भ्याडपणाबद्दल त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या विधवेला निवृत्तिवेतन नाकारले गेले. नवरा कसा मेला हे तिने कित्येक वर्षे मुलीलाही सांगितले नाही. तीच मुलगी म्हातारपणी सरकारशी भांडली, आणि २००६ च्या कायद्याने फारसह ३०६ जणांना माफी मिळाली. माफी म्हणजे अपराध मान्य करून दिलेली सूट, की अपराध नव्हताच याची कबुली? माफीने मूळ दोषसिद्धी किंवा शिक्षा बदलत नाही, एवढे कायद्याने नमूद केले.

१९२२ साली लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने 'शेल शॉक' हा शब्द कायमचा टाकून द्यावा, अशी शिफारस केली. तीन वर्षांनी 'मिसेस डॅलोवे' आली. व्हर्जिनिया वूल्फने मनाच्या डॉक्टरांना जवळून पाहिले होते, विश्रांतीची सक्ती सोसली होती. तिचा सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो. त्याचे डॉक्टर सर विल्यम ब्रॅडशॉ त्याच संध्याकाळी क्लॅरिसाच्या मेजवानीला उशिरा येतात, आणि शेल शॉकचे परिणाम कधीकधी लांबून दिसतात यासाठी विधेयकात काही तरतूद हवी, असे एका पार्लमेंट-सभासदाशी बोलतात. आमच्या वर्गात या कादंबरीत 'संज्ञाप्रवाह' किती आणि कुठे हे शोधण्यातच तास जातो. हे विधेयक कुणाच्या ध्यानी येत नाही. मेलेल्या माणसाचा तपशील चहाच्या कपाबरोबर फिरतो आणि सरकारी मसुद्यात शिरतो. इतिहासकारांनी पुढे जे लिहिले ते या एका प्रसंगात आधीच आहे.

त्यानंतरचा काळ थोडक्यात. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या मनोवैद्यांनी भांडून १९८० साली 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' ही संज्ञा अमेरिकेच्या अधिकृत रोगसूचीत आणली. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ साली दाखवले की घरात मार आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांची लक्षणे याच जातीची असतात. तेथेही पहिला प्रश्न 'खरे कशावरून?' हाच विचारला जात होता. १९९६ मध्ये कॅथी कॅरथ यांचे पुस्तक आले आणि 'ट्रॉमा' साहित्याच्या विभागांत शिरला. आघात ज्याच्यावर होतो त्याला तो त्या क्षणी अनुभवताच येत नाही, म्हणून तो सांगता येत नाही, असे या मांडणीचे सार. ती मोहक आहे, आणि तिच्यावर आपल्याकडेही प्रबंध झाले आहेत. मात्र वरचा इतिहास वाचल्यावर मला ती अपुरी वाटते. फार याने आपल्याला सहन होत नाही असे साध्या शब्दांत सांगितले होते. अडचण त्याच्या भाषेत नव्हती, कोर्टमार्शलच्या कानात होती.

आता आपल्या माणसांकडे वळू. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये उतरलेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांच्या हाताला जखमा दिसू लागल्या, आणि हे लोक परत जाण्यासाठी स्वतःला गोळी मारून घेतात असा संशय पसरला. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ साली एक हजार जखमा तपासल्या आणि संशयाला आधार नाही असा निष्कर्ष दिला. निष्कर्ष न्याय्य होता. परंतु प्रश्न पाहा: या माणसांनी फसवले की नाही? त्यांच्यावर काय गुदरले, हा प्रश्न जखमा मोजून विचारता येण्याजोगा नव्हता. याच सेटनच्या राज्यात रुग्णांना आणि हिंदी कर्मचाऱ्यांना शहरात मोकळेपणी फिरण्यास बंदी होती, आणि तिला वैतागून तेथल्याच एका हिंदी सब-असिस्टंट सर्जनाने सेटनवर पिस्तूल झाडण्याचा प्रयत्न केला. एडिंबरोजवळ अधिकाऱ्यांना बोलते करणारा उपचार पुढे आकाराला येणार होता. ब्रायटनला आवाराची भिंत राखली जात होती.

बोलले मात्र तेही. त्यांची पत्रे सेन्सॉर उघडून भाषांतरित करी, आणि त्या भाषांतरांमुळेच आज ती आपल्यापुढे आहेत. गोळ्यांचा पावसाळी पाऊस त्यांत आहे, भारतीय युद्धाची आठवण आहे, भावाला भरती होऊ देऊ नका अशी विनवणी आहे. सेन्सॉर वाचतो हे ठाऊक असल्याने सांकेतिक बोली आहे: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे, काळी संपत आली, लाल अजून शिल्लक आहे. रिव्हर्ससारखा कान तेथे नव्हता. ऐकणारा होता तो सैन्याचा हेर, आणि त्याला या पत्रांत राजनिष्ठेचे तापमान तेवढे पाहायचे होते.

मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात होत्या. ससूनांचे मूळ गाव बगदाद. त्याच बगदादवर चालून गेलेली सहावी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनहून मागे फिरली आणि कूत येथे कोंडली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. शेवटी घोडे मारून खाण्याची वेळ आली. धर्म आड येऊन अनेक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि रक्तपितीने पोखरले गेले. शरणागतीनंतर सैनिकांना वाळवंटातून चालवत नेले, रास-अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपले, हजारो मेले. त्यांचा सेनापती टाउनशेंड कैदेची वर्षे इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला.

वाचलेले सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या आपापल्या गावी परतले. तेथे 'शेल शॉक' हा शब्द पोहोचला नव्हता. १९१२ च्या लुनसी कायद्याखाली वेड्यांची इस्पितळे होती, रत्नागिरीला, ठाण्याला. पण तेथे जायला दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. रात्री ओरडत उठणाऱ्या, पण दिवसा नांगर धरणाऱ्या माणसासाठी ती नव्हती. त्याच्यासाठी होती ती भाषा. धसका घेणे, हाय खाणे, भ्रमिष्टासारखे करणे, पार खचून जाणे. पानिपतानंतर पाच महिन्यांनी, जून १७६१ मध्ये, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले, ते दुःखाने खचून, असेच आपण वाचत आलो. प्रकृती आधीपासून ढासळलेली होती, तरी 'हाय खाल्ली' या कारणाचा पुरावा कुणी मागितला नाही. ही भाषेची उदारता आहे. अर्थात तिला फार ओवाळण्यात अर्थ नाही. धसका घेतलेल्याला पुढे 'बाहेरचे' झाले म्हणून देवऋषीकडे नेले जाई, अंगारा लावला जाई, कधी बांधूनही ठेवले जाई. आणि पेशव्याने घेतली ती हाय, सुनेने घेतली तर ते सोंग, असा भेदही घरोघर होताच.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि इंग्रजांनी तेथे त्यांच्या नावे स्मृतिशिळा बसवली. तशा शिळा देशावर आणि कोकणात अनेक गावांत आहेत, चावडीच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात. त्यांच्यावर बहुधा दोन आकडे असतात: गावातून किती गेले आणि त्यांपैकी किती मेले. तिसरा आकडा वजाबाकी करून काढावा लागतो. ज्या विद्यार्थ्याच्या गावात अशी शिळा असेल त्याने सुट्टीत तिची नक्कल उतरवून घ्यावी, आणि तो तिसरा आकडा हाती धरून घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारावे, की लढाईवरून परत आलेल्या त्या म्हाताऱ्याविषयी घरात काय बोलले जात असे, आणि कोणत्या शब्दांत.